कंपनी कर कमी करायला युरोपातून बाहेर पडायची गरज होती का?

रेडिंगकर (धागाकर्ता)

लंडनजवळ रेडिंगला एका अकाउंटंटच्या फर्ममध्ये सोळा वर्षं काम करतोय. छोट्या कंपन्यांची विवरणपत्रं भरणं हाच माझा रोजचा उद्योग. गेल्या रविवारी पुण्याच्या मित्रांशी व्हिडिओ कॉलवर बोलताना एकजण म्हणाला, "ब्रेक्झिट केलंत ते उत्तम केलंत. आता ब्रुसेल्सला न विचारता कर उतरवता येतो, कंपन्या आपोआप येतील." हे मी २०१६ पासून ऐकतोय. जो कर भरून देण्यात माझा दिवस जातो त्याच्याबद्दलचं हे म्हणणं चुकीचं आहे, म्हणून धागा काढतोय.

२०१० साली ब्रिटनमध्ये कंपनी कराचा दर २८ टक्के होता. २०११ ला २६ झाला, मग दरवर्षी थोडा थोडा उतरत २०१७ ला १९ वर आला. हे सगळं आपण युरोपीय संघात असताना झालं. कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही, कारण कंपनी कराचा दर ठरवणं हे संघाच्या हातात कधी नव्हतंच. करासंबंधी युरोपीय कायदा करायचा तर सगळ्या सदस्य देशांचं एकमत लागतं. एका देशाने मान हलवली नाही की विषय संपला.

आता बाहेर पडायचं ठरल्यानंतरचं बघा. तेव्हाचे अर्थमंत्री ऑस्बर्न यांनी दर १७ वर नेण्याचं आधीच जाहीर केलं होतं. २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतानंतर तर ते १५ च्याही खाली जाण्याची भाषा करत होते. जानेवारी २०१७ मध्ये त्यांच्यानंतरचे अर्थमंत्री हॅमंड यांनी एका जर्मन वृत्तपत्राला सांगितलं की बाजारपेठेची दारं बंद केलीत तर आम्हाला आमचं अर्थकारणच बदलावं लागेल. टेम्सकाठचं सिंगापूर, म्हणजे कमी कर लावून कंपन्या ओढणारा ब्रिटन, म्हणतात ते हेच. प्रत्यक्षात काय झालं? नोव्हेंबर २०१९ मध्ये पंतप्रधान जॉन्सननी १७ चा बेत रद्द केला, कारण सरकारी आरोग्यसेवेला पैसा हवा होता. २०२१ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री सुनक यांनी २५ टक्के जाहीर केले. सप्टेंबर २०२२ मध्ये ट्रस सरकारने ती वाढ रद्द केली, बाजारात हाहाकार उडाला आणि तीन आठवड्यांत वाढ परत आली. एप्रिल २०२३ पासून अडीच लाख पौंडांवर नफा असलेली कंपनी २५ टक्के भरते.

थोडक्यात, आत होतो तेव्हा नऊ टक्क्यांनी उतरवला, बाहेर आल्यावर सहा टक्क्यांनी चढवला.

आणि गमावलं काय? माझ्याकडे एक मराठी काकू येतात, त्यांचा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. २०२० च्या दिवाळीपर्यंत आइंडहोवन, म्युनिक, पॅरिसच्या मराठी घरांत त्यांचे डबे पोस्टाने जायचे. जानेवारी २०२१ पासून ते विदेशी पार्सल झालं. चकली जाते, बेसनाचे लाडू जात नाहीत, कारण तूप हा दुग्धजन्य पदार्थ. चिवड्याच्या पाकिटाबरोबर सीमाशुल्काचा फॉर्म, तिकडच्या व्हॅटचा हिशोब. पहिल्या दिवाळीला अकरा डबे परत आले. त्यांचा नफा पन्नास हजार पौंडांच्या आतला, म्हणजे दर आजही १९ टक्केच. करात त्यांना एक पेनीचा फरक पडला नाही आणि गिऱ्हाईक मात्र गेलं.

वायरमन_बर्मिंगहॅम

साहेब, आकडे बरोबर आहेत, पण प्रश्न चुकीचा विचारताय. मी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं होतं आणि मला त्याची लाज वाटत नाही. दर किती हा माझा मुद्दा नव्हताच. दर कोण ठरवतो हा होता.

सॅनिटरी पॅडचंच घ्या. बायकांनी किती वर्षं अर्ज-विनंत्या केल्या. इथल्या संसदेलाही शून्य व्हॅट हवा होता, पण युरोपीय नियमांमुळे २००१ पासून ५ टक्क्यांच्या खाली जाता येईना. १ जानेवारी २०२१ ला, म्हणजे ब्रेक्झिटनंतरचा संक्रमणकाळ संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी, तो शून्य झाला. खाजगी शाळांच्या फीवर जानेवारी २०२५ पासून २० टक्के व्हॅट लागला. युरोपीय नियमांत शिक्षणावर व्हॅट नाही, म्हणजे आत असतो तर हा निर्णय घेताच आला नसता. तो चांगला की वाईट यावर भांडा, पण तो इथे, मतदारांसमोर झाला.

आणि एकमताची अट आहे म्हणून निर्धास्त राहायचं? कंपन्यांचा करपात्र नफा सगळ्या युरोपात एकाच पद्धतीने मोजायचा प्रस्ताव २०११ ला आला, अडकला, २०१६ ला पुन्हा आला. जानेवारी २०१९ मध्ये तर युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाने, करांच्या बाबतीत एकमताऐवजी बहुमताकडे जाऊ या असं मांडलं. पाणी कुठे वाहतंय ते दिसत होतं.

रेडिंगकर

पाणी वाहत होतं, पण बांध फुटला नाही. ते सगळे प्रस्ताव अडकले ते नकाराधिकारामुळेच, आणि तो आपल्याही हातात होता.

व्हॅटबद्दल बोलायचं तर घरातलं गॅसचं बिल काढून बघा. २०१६ च्या प्रचारात बाहेर पडण्याच्या बाजूच्या पुढाऱ्यांनी लेखी सांगितलं होतं की युरोपातून सुटलो की घरगुती इंधनावरचा ५ टक्के व्हॅट काढू. २०२२ ला गॅसचे दर भडकले, माझ्या शेजारच्या आजी एकाच खोलीत हीटर लावून बसायच्या, तेव्हाही तो ५ टक्केच होता. सत्ता आली, वापरली नाही. मग ती ब्रुसेल्सने अडवली होती असं म्हणण्यात काय अर्थ?

लिफीकाठची_अनघा

डब्लिनहून लिहितेय. तुमच्या वादात आमचं उदाहरण यायलाच हवं, कारण कमी कर लावून कंपन्या आणायचं सगळ्यात गाजलेलं काम आयर्लंडने केलं आणि ते संघाच्या आत राहून केलं.

२००३ पासून आमचा दर १२.५ टक्के. २०१० मध्ये बँका बुडाल्या, ८५ अब्ज युरोंचं मदतीचं पॅकेज घ्यावं लागलं. घर गहाण पडलेल्या माणसासारखी देशाची अवस्था होती. पुढच्या वर्षी सार्कोझी आणि मर्केल यांनी नव्या पंतप्रधानांना, एंडा केनींना, सांगितलं की कर्जावरचं व्याज कमी हवं असेल तर कंपनी कर वाढवा. केनी नाही म्हणाले आणि दर हलला नाही. त्याआधी २००८ च्या सार्वमतात संघाचे नियम बदलणारा लिस्बन करार लोकांनी फेटाळला होता. करांना हात लावणार नाही अशी हमी मिळाल्यावरच २००९ ला तो मंजूर झाला. एवढासा देश, पण टेबलावर खुर्ची होती म्हणून अडून बसता आलं.

मग १५ टक्के कुठून आले? ब्रुसेल्सहून नाही. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये १३६ देशांनी जागतिक किमान कर मान्य केला, त्यामागे अमेरिकेचा जोर होता. आयर्लंडनेही त्यावर सही केली. तेव्हा आमचे उद्योगमंत्री लिओ वराडकर होते, ज्यांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. ७५ कोटी युरोंच्या वर उलाढाल असलेल्या समूहांना २०२४ पासून १५ टक्के, बाकीच्यांना अजूनही १२.५. ब्रिटननेही तोच करार मान्य केला. म्हणजे आत राहिलेला आणि बाहेर पडलेला, दोघेही एकाच किमान दरावर आले.

हिशोबतपासनीस

सांगलीत अर्थशास्त्र शिकवतो. माझं दोन्ही बाजूंशी जमत नाही. तुम्ही सगळे धरून चालताय की देशादेशांत कराची चढाओढ असणं चांगलं आहे, फक्त ती आतून करायची की बाहेरून एवढाच प्रश्न आहे.

अॅपलची केस घ्या. युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये दाखवून दिलं की आयर्लंडमधल्या एका उपकंपनीतून जाणाऱ्या युरोपीय नफ्यावर २०१४ साली पडलेला कर ०.००५ टक्के होता. दहा लाख युरोंच्या नफ्यावर ५० युरो! कॉलेजबाहेर वडापावची गाडी लावणारासुद्धा यापेक्षा जास्त कर भरतो. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने आयोगाचं म्हणणं उचलून धरलं आणि १३ अब्ज युरो वसूल करायला लावले. ज्या देशाला हे पैसे मिळायचे तोच आठ वर्षं "आम्हाला नकोत" म्हणून कोर्टात भांडत होता, हे मला आजही पचत नाही. चढाओढ माणसाला, देशाला कुठे नेऊन ठेवते बघा.

आपल्याकडे २००३ नंतर हिमाचल आणि उत्तराखंडला उत्पादन शुल्काची सूट मिळाली आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी औषध कंपन्यांनी नवे कारखाने बद्दीला टाकले. औषध तेच, खप तेवढाच, फक्त कर बुडाला.

लिफीकाठची_अनघा

सर, बद्दीची सूट केंद्राने दिली होती, राज्यांनी एकमेकांशी चढाओढ करून नाही. उदाहरण थोडं वेगळं पडतं.

बाकी तुमचं दुःख मला कळतं. २०१५ ला आमचं कंपनी कराचं उत्पन्न ७ अब्ज युरोंच्या आत होतं, २०२३ ला २३.८ अब्ज. त्यातला निम्म्याहून जास्त वाटा दहा कंपन्यांचा. त्यातल्या दोघांनी मुक्काम हलवला तर काय, ही काळजी इथे सगळ्यांनाच आहे. आणि एवढा पैसा येऊनही माझ्या ऑफिसातली पंचविशीची मुलं भाडं परवडत नाही म्हणून आईवडिलांकडे राहतात.

हिशोबतपासनीस

बद्दीबाबत दुरुस्ती मान्य.

म्हापशाचो_मनीस

मी स्विंडनला असतो. मूळ बार्देशचा. वडील १९६१ च्या आधी जन्मलेले, त्यामुळे पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला आणि त्यावर २०१२ ला इथे आलो. माझ्यासारखे गोंयकार इथे हजारोंनी आहेत.

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. २०१६ च्या सार्वमतात इथे राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यांना मत होतं, राष्ट्रकुलातले म्हणून. मला नव्हतं, कारण मी कागदावर पोर्तुगीज. कोण ठरवतो हा मुद्दा वायरमनभाऊ मांडतात तेव्हा मला ती रांग आठवते. शेजारचा नाशिकचा मुलगा आत गेला आणि मी बाहेर पावसात त्याची वाट बघत उभा.

आमच्या गावातला मोटारींचा मोठा कारखाना जुलै २०२१ मध्ये बंद झाला. कंपनीने कारण ब्रेक्झिट सांगितलं नाही, इलेक्ट्रिक गाड्यांचं सांगितलं, तेव्हा मीही ते ब्रेक्झिटवर ढकलणार नाही. पण तेव्हा कर १९ टक्के होता, मोठ्या युरोपीय देशांपेक्षा बराच खाली, आणि त्याने कारखाना थांबला नाही. मी गोदामात रात्रपाळी करतो. आमच्या मॅनेजरला माणसं मिळत नाहीत याची चिंता असते. माझ्या भाच्याचा पासपोर्ट २०२२ ला हातात आला, तोवर इकडचं दार बंद झालेलं. तो आता लिस्बनला आहे.

आर्थर्स_सीट

एडिनबरा. स्कॉटलंडची आठवण करून देतो, कारण तिथेही हेच स्वप्न होतं. २०१४ च्या सार्वमताआधी स्कॉटिश सरकारच्या श्वेतपत्रिकेत लिहिलं होतं की स्वतंत्र झालो तर कंपनी कर उरलेल्या ब्रिटनपेक्षा तीन टक्क्यांपर्यंत खाली ठेवू. ५५ टक्के लोकांनी स्वातंत्र्यालाच नकार दिला आणि पुढच्या वर्षी स्कॉटलंडच्या सरकारप्रमुख स्टर्जननी ते धोरण सोडून दिलं.

उत्तर आयर्लंडला तर स्वतःचा दर ठरवायचा कायदा २०१५ मध्ये मिळाला. १२.५ वर आणायचं ठरलंही होतं. पण जेवढा कर कमी कराल तेवढं लंडनहून येणारं अनुदान कापलं जाणार होतं. तो अधिकार आजवर वापरलेला नाही.

बाहेर पडू पाहणाऱ्या प्रत्येकाला आयर्लंड दिसतो. पण तिथे कमी करासोबत ४५ कोटी लोकांची बाजारपेठ मिळते, म्हणून कंपन्या टिकतात. स्वतंत्र स्कॉटलंड मला आजही हवाय. फक्त तो कमी कराच्या आशेवर मागू नये.

वायरमन_बर्मिंगहॅम

म्हापशाच्या दादांना आधी सांगतो, तुम्हाला मत नव्हतं हे मला खरंच माहीत नव्हतं. इथे राहून कर भरणाऱ्याला मत असायला हवं होतं.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. मी छतावर सोलर पॅनल बसवतो. २३ मार्च २०२२ ला सुनक यांनी पॅनल बसवण्यावरचा व्हॅट शून्य करण्याचं जाहीर केलं. त्याच संध्याकाळी मी सहा गिऱ्हाईकांना नवे अंदाज पाठवले. त्यातल्या एका आजोबांचा मुलगा बेलफास्टला असतो, त्याने फोन करून विचारलं, आम्हालाही मिळेल ना? नाही मिळालं, कारण वस्तूंच्या व्हॅटबाबत उत्तर आयर्लंड अजून युरोपीय नियमांखाली होतं. ब्रिटन आणि संघात उत्तर आयर्लंडबद्दल विंडसरचा समझोता झाला तेव्हा कुठे मे २०२३ पासून त्यांना ती सूट लागू झाली. एकच देश, एकच अर्थमंत्री, आणि समुद्रापलीकडच्या माणसाला वर्षभर थांबावं लागलं. तिथल्या मतदाराने जाब कुणाला विचारायचा होता, सांगा.

रेडिंगकर

बेलफास्टचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. मीही तेव्हा दोन गिऱ्हाईकांना हेच समजावत बसलो होतो. शाळांच्या फीचं उदाहरणही खरं आहे. पण शीर्षकात मी कंपनी कर म्हटलंय, आणि त्यावर तुमचं सरळ उत्तर अजून आलेलं नाही.

वायरमन_बर्मिंगहॅम

सरळ उत्तर देतो. कंपनी करासाठी बाहेर पडायची गरज नव्हती. आणि काकूंचे अकरा डबे परत आले याचं मला वाईट वाटतं, माझ्या आईचेही लाडू बर्लिनला बहिणीकडे जायचे बंद झालेत. पण ज्याने माझ्यावर कर लावला त्याला मला मत देऊन घरी बसवता यायला हवं. एवढ्यासाठी मत दिलं होतं, आणि उद्या परत विचारलं तरी तेच देईन.