तांब्याच्या बंबाला डाग (झाळ) देणारं कोण आहे का?

मदत हवी आहे. कोजागिरी झाली, पहाटे पंचगंगेकडनं गार वारं सुटलंय. माळ्यावरचा आजीचा तांब्याचा बंब काढला, तर तोटीजवळ गळतोय, मधल्या नळीचा सांधाही उकललाय. एकानं सल्ला दिला, 'मोडीत घाला, गिझर घ्या.' (विचारला नव्हता!) लहानपणी बंबात शेणी नि चिपाडं सारायचं काम माझं. धुरानं डोळे चुरचुरायचे. त्रिपुरारी पौर्णिमेला पहाटे घाटावरचे दिवे बघून काकडत आलं की पहिली कढत बादली मला.

कोल्हापुरात गुजरी, महाद्वार रोडला विचारून झालं. करवीर, हातकणंगले भागात कुणी तांबट अजून काम करतोय का? नुसता डाग टिकेल की नळीच बदलावी? दिवाळीच्या पहिल्या अंघोळीआधी पाहिजे.