प्रति: डीएनए ओरिगामीची (लांब डीएनए धागा छोट्या धाग्यांनी घडी घालून केलेल्या आकाराची) पट्टी येत नाही

डीएनएच्या मिश्रणाची नळी ९५ अंशांवरून थेट बर्फात ठेवल्यावर जेलमध्ये (विजेने डीएनए आकारानुसार वेगळं करणाऱ्या थरात) एका ठळक पट्टीऐवजी नुसता फराटा दिसतो, असं मूळ प्रश्नात लिहिलंय. ते होणारच. एकदम थंड केलं की चुकीच्या जागी चिकटलेले स्टेपल (घडी पकडून ठेवणारे छोटे धागे) तिथेच अडकतात. सुटून योग्य जागा शोधायला लागणारी उष्णताच उरत नाही.

ही पद्धत मांडणारे पॉल रोथमुंड यांनी २००६ मध्ये सपाट आकार ९५ वरून २० अंशांपर्यंत दोन तासांच्या आत उतरवून मिळवले. भरीव त्रिमितीय रचनेला एवढी घाई चालत नाही. पीसीआर यंत्रात (नळ्यांचं तापमान ठरवल्याप्रमाणे बदलणाऱ्या यंत्रात) ६५ अंशांवर १५ मिनिटं ठेवा, मग ६० ते ४० पर्यंत दर अंशाला एक तास द्या. खरी जुळणी बहुधा यातल्या मोजक्या अंशांतच उरकते. ते अंश शोधायला एकच मिश्रण आठ नळ्यांत वाटून ग्रेडियंट ब्लॉकवर (प्रत्येक नळीला वेगळं तापमान देणाऱ्या ठोकळ्यावर) ४५ ते ६० अंशांत रात्रभर ठेवा. नेमकं तापमान सापडलं, तर पुढे तापमान हळूहळू उतरवावं लागतच नाही. त्याच एका तापमानावर काही रचना मिनिटांत घडतात, हे २०१२ मध्येच दिसलंय.

मिश्रणात डीएनएचे धागे एकत्र राहायला लागणारं मॅग्नेशियम मात्र विसरू नका. सपाट रचनेला १२.५ मिलिमोलर (द्रावणातल्या प्रमाणाचं एकक), भरीवला १६ ते २०. कमी पडलं तर जुळणीचं तापमान खाली सरकतं, जास्त झालं तर गुठळ्या होऊन माल जेलच्या खाचेतच राहतो. स्टेपल टीई बफरमध्ये (डीएनए साठवायच्या नेहमीच्या द्रावणात) विरघळवले असतील तर त्यातलं ईडीटीए हे रसायन मॅग्नेशियम बांधून ठेवतं, तेवढं वाढवून घाला. जेलमध्येही ११ मिलिमोलर मॅग्नेशियम हवं, आणि जेलची टाकी बर्फात ठेवा; तापलेल्या जेलमध्ये नीट जुळलेली रचनाही उसवते.