सेटरची वीण घेण्यापूर्वी
आपल्या आयरिश सेटर जातीच्या कुत्रीला तिच्या आरोग्यासाठी ‘एकदा तरी पिल्ले व्हायला हवीत’ असे आपण लिहिले आहे; त्याला वैद्यकीय आधार नाही. या जातीत रातांधळेपणापासून सुरू होऊन लहान वयातच दृष्टी घालवणारा आनुवंशिक विकार आढळतो, आणि नर व मादी दोघेही वरकरणी निरोगी परंतु सदोष जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक पिल्लाला तो होण्याची शक्यता 25 टक्के असते. नर-मादी वाहक आहेत का, हे रक्ताच्या किंवा गालाच्या आतील पेशींच्या तपासणीतून आधीच कळते. खुब्याच्या सांध्याचा एक्स-रेही काढावाच. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि 8 आठवड्यांपूर्वी पिल्लू विकता येत नाही.

मला अधिक काळजी वाटते ती पिल्लांच्या पुढील आयुष्याची. माळरानावर पक्ष्यांचा माग काढत तासन्तास धावण्यासाठी घडवलेला हा कुत्रा पुण्यातल्या सदनिकेत, एप्रिलच्या उकाड्यात, दिवसभर एकटा राहिला तर खचतो. माझ्या सेटरला मी रोज पहाटे वेताळ टेकडीवर नेतो, तेव्हा कुठे तो घरात शांत बसतो. एवढा वेळ देणारी सात-आठ घरे आपल्या पाहण्यात आहेत का, आणि एखाद्या घराला ते जमले नाही तर ते पिल्लू आपण परत घ्याल का?