मदत हवी आहे: खोट्या नोटेबद्दल खरं कसं विचारायचं?

एम. ए. अर्थशास्त्राच्या प्रबंधासाठी सांगलीत भाजीविक्रेत्यांशी बोलतोय. रोख की यूपीआय, हा भाग सहज झाला. अडलंय खोट्या नोटांपाशी.

एका मावशींनी पाचशेच्या नोटेच्या कडेच्या पाच उठावदार रेघांवर नख फिरवून दाखवलं, नोट तिरकी करून हिरवा धागा निळा होतो तेही दाखवलं. "आणि खोटी निघाली तर काय करता?" म्हटलं, तर म्हणाल्या, "बाळा, तू पोलिसातला का रे?" विषय संपला.

त्यांचंही चूक नाही. बँकेत नेली की शिक्का मारून जप्त, हातात पावती, पैसे शून्य. एका वेळी पाच किंवा जास्त निघाल्या तर बँकेला एफआयआर करावा लागतो. आणि जाणूनबुजून पुढे खपवली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १७९. कबूल कोण करणार?

म्हणून नाणेफेकीची पद्धत वापरून पाहतोय. नाणं मला न दाखवता उडवायचं, मग मी विचारतो, "खोटी नोट कधी पुढे खपवलीत का?" छापा आला तर नुसतं 'हो', काटा आला तर खरं उत्तर; कुणाचं 'हो' नाण्याचं, कुणाचं खरं, ते मला कळत नाही. १०० पैकी ६० 'हो' आले तर साधारण ५० नाण्याचे, उरलेले १० काटावाल्या ५० मधले, म्हणजे सुमारे २० टक्के. पण मावशी म्हणतात, "न केलेल्याला हो कशाला म्हणू?"

कुणी ही पद्धत मंडईत, आठवडी बाजारात वापरलीय का? समजावलं कसं? आणि माझ्याकडे ८० जणच आहेत, तेवढ्यात भागेल का?