मदत हवी आहे: क्लॅम चावडर फाटतंय, उद्या संध्याकाळपर्यंत जमायला हवं

सायली_आ (शुक्रवार, रात्री ९:१०)
क्लॅम चावडर (शिंपल्यांचं दूध घालून केलेलं दाट सूप) दोनदा केलं, दोन्ही वेळा फाटलं. वर पिवळट पाणी, खाली पनीरच्या चुऱ्यासारखे कण. दूध शेवटी घातलं, गॅस बारीक होता. शेजारच्या आजोबांनी स्वतः काढलेले क्लॅम त्यांच्या पातेल्यात घालून दिले आहेत, आणि कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही असं आमच्या घरी कटाक्षाने पाळतात. उद्या संध्याकाळी द्यायचंय. काय चुकतंय ते कुणी पटकन सांगेल का?

खाडीकाठ (९:२२)
क्लॅम म्हणजे नेमकं काय? तिसऱ्या, खुबे की मुळे? तुम्ही आहात कुठे? आमच्याकडे मालवणात तिसऱ्यांची एकशिपी करतात. विळीवर उघडायच्या, मांस असलेली शिंपली ठेवायची, ओलं खोबरं, कांदा, कोकम. दूध कशाला मध्ये आणता?

सायली_आ (९:२६)
मॅसॅच्युसेट्स, केप कॉड. क्लॅम मोठे आहेत, तळहाताएवढे. एकशिपी मलाही येते हो, पण आजोबांना त्यांच्या पद्धतीचंच करून द्यायचंय. त्यांच्या पत्नी सहा महिन्यांपूर्वी गेल्या, त्याच करायच्या.

बोस्टनवासी (९:४०)
हे क्वाहॉग. इथली माणसं 'कोहॉग' म्हणतात. एकाच जातीचे, आकारावरून नावं: लहान ते लिटलनेक, मधले चेरीस्टोन, सगळ्यांत मोठे ते चावडर क्लॅम. मोठ्यांचं मांस चिवट असतं म्हणून ते बारीक चिरून चावडरमध्येच घालतात, म्हणजे तुमच्याकडे बरोबर माल आहे. दूध कोणतं घातलंत?

वसुधा_काकू (९:४४)
मासे आणि दूध एकत्र म्हणजे विरुद्ध आहार. चरकसंहितेत स्पष्ट सांगितलं आहे. अंगावर कोड येतं असं आमच्या आजी सांगायच्या. त्या आजोबांचं वय पाहता नारळाच्या दुधात करा.

तांबडा_पांढरा (९:५१)
काकू, तुमचा मान ठेवून सांगतो, मासे-दुधाने कोड येतं याला वैद्यकीय आधार नाही. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या त्या भागात, लोक पिढ्यान् पिढ्या हे खातात. तब्येतीचं विचारायचंच तर दूध पचतं का आणि शिंपल्यांची ॲलर्जी आहे का, एवढं विचारावं. बाकी मी सांगेन की टोमॅटो घालून मॅनहॅटन पद्धतीचं करा, दूधच नाही तर फाटणार काय!

बोस्टनवासी (९:५८)
केप कॉडच्या माणसाला टोमॅटोचं चावडर देऊ नका, मनापासून सांगतो. १९३९ साली शेजारच्या मेन राज्याच्या विधिमंडळात चावडरमध्ये टोमॅटो घालायला बंदी करणारं विधेयक मांडलं गेलं होतं, इतका हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे.

तांबडा_पांढरा (१०:०३)
मग जुन्या पद्धतीत तरी दूध कुठे होतं? १७५१ साली बॉस्टनच्या वर्तमानपत्रात चावडरची कृती छापली होती, त्यात कांदा, डुकराचं खारं मांस, मासे, बिस्किटं आणि वाइन. दूध नाही, क्लॅमही नाहीत. ऱ्होड आयलंडला आजही नितळ पाण्याचं करतात.

सायली_आ (१०:०६)
इतिहास नंतर वाचते, खरंच. दूध घरात असतं तेच, बिनसायीचं. पण पाककृतीत नुसतं 'दूध' लिहिलं होतं.

दुग्धशाळा (१०:१५)
मी दुधाच्या कारखान्यात काम केलंय. बिनसायीचं दूध उष्णतेला लवकर हार मानतं. हेवी क्रीममध्ये किमान ३६ टक्के स्निग्धांश आणि प्रथिनं कमी, त्यामुळे ते सहसा फाटत नाही. हाफ अँड हाफमध्ये (दूध आणि क्रीमचं मिश्रण) साडेदहा ते अठरा टक्के, ते मधलं. पण बारीक गॅसवर दोनदा असे कण होणं मला नुसत्या दुधाचं वाटत नाही. आंबट काही घातलंत का?

सायली_आ (१०:१८)
नाही, काहीच नाही. कांदा, सेलरी, बटाटा, मिरपूड, तमालपत्र. बेकन आम्ही खात नाही म्हणून लोणी.

दुग्धशाळा (१०:२१)
वाइन? व्हिनेगर? आणि वरचं पाणी पिवळट का?

सायली_आ (१०:२९)
पिवळं हळदीमुळे. शिंपले सोडवल्यावर हळद, मीठ आणि लिंबू लावून अर्धा तास ठेवले, मासे आणले की लावतोच ना तसे. दोन लिंबं पिळली होती.

दुग्धशाळा (१०:३१)
सापडलं. दोन लिंबांचं आम्ल, बिनसायीचं दूध आणि उष्णता. आपण पनीर असंच करतो.

खाडीकाठ (१०:३५)
हळद-लिंबू वास जावा म्हणून लावतात, पण जिवंत शिंपल्याला वास असतोच कुठे? आम्ही तिसऱ्यांनाही लावत नाही. उरलेले किती आहेत आणि ठेवलेत कशात?

सायली_आ (१०:३८)
बारा आहेत. फ्रिजमध्ये पातेल्यात नळाच्या पाण्यात, झाकण लावून.

खाडीकाठ (१०:३९)
आत्ता उठून पाण्यातून बाहेर काढा! गोड्या पाण्यात आणि झाकणाखाली मरतात. फ्रिजमध्येच उघड्या भांड्यात ठेवा, वर ओलं फडकं, पाणी नाही. तोंड उघडलेल्याला टिचकी मारा. मिटला तर जिवंत, नाही तर टाका. शिजवल्यावर जो उघडणार नाही तोही टाका.

कोंबडी_वडे (१०:४४)
आजोबांनी काढले कुठून? तांबडी भरती (समुद्रात विषारी शेवाळ वाढणं) असेल तर शिंपल्यांतलं विष शिजवूनही जात नाही.

सायली_आ (१०:५२)
ते गावाचा परवाना घेऊन, खुल्या जाहीर केलेल्या पट्ट्यातच काढतात. एक इंचापेक्षा कमी जाडीचा क्वाहॉग परत टाकायचा असतो म्हणून खिशात मापाची कडी असते त्यांच्या. दोन मेले होते, टाकले. दहा उरलेत. आता कृती सांगा, प्लीज.

बोस्टनवासी (११:१०)
ब्रशने घासा. तीन कप पाण्यात झाकण ठेवून वाफवा, दहा-बारा मिनिटांत उघडू लागतील, उघडेल तसा एकेक काढा. ते पाणी म्हणजेच चावडर, एक थेंब फेकू नका. फडक्यातून गाळा, तळाचा चमचाभर सोडून द्या, वाळू तिथे असते. मांस बारीक चिरा.
लोण्यात कांदा-सेलरी मऊ करा, लाल नाही. तीन चमचे मैदा घालून दोन मिनिटं परता, मग क्लॅमचं पाणी थोडं थोडं घालत ढवळा. अर्धा किलो बटाट्याच्या अर्ध्या इंचाच्या फोडी, तमालपत्र, साधारण पंधरा मिनिटं. आता गॅस अगदी बारीक. दीड कप हेवी क्रीम वेगळं कोमट करून घाला, शेवटी मांस घालून दोनच मिनिटं. उकळी आणायची नाही. मीठ सर्वांत शेवटी चाखून, क्लॅमचं पाणी आधीच खारट असतं.

तांबडा_पांढरा (११:१८)
मैदा नको, खळ होते. चार खारी क्रॅकर बिस्किटं चुरून घाला, जुनी रीत तीच.

दुग्धशाळा (११:२४)
मैदा राहू द्या. पिठातला स्टार्च दुधातल्या प्रथिनांना एकत्र गोळा होऊ देत नाही. पहिल्यांदा करताना तो आधार हवा.

तांबडा_पांढरा (११:२६)
क्रॅकरमध्येही मैदाच असतो. चवीला मात्र खूप फरक पडतो.

वसुधा_काकू (११:४०)
तुम्ही ठरवलंच आहे तर आले-सुंठ तरी घाला, पचेल.

सायली_आ (शनिवार, रात्री ८:०५)
सगळ्यांचे आभार. फाटलं नाही! मैदाच घातला, क्रॅकर वेगळे दिले. दुपारी केलं, संध्याकाळी फक्त कोमट केलं. काकू, सुंठ घातली नाही, रागावू नका. मी पातेलं घेऊन गेले तर आजोबांनी झाकण उघडून आधी वास घेतला, मग दारातच उभं राहून चमच्याने खाल्लं. म्हणाले, त्यांच्या पत्नी यात थोडा थाइम (एक सुगंधी पाला) घालायच्या. दाताखाली किंचित वाळू आली, मी तळाचं पाणीही ओतलं होतं.

बोस्टनवासी (८:१७)
थाइम बटाट्याबरोबर घाला. आणि पाणी अर्धा तास हलवू न देता ठेवा, वाळू खाली बसते, मग वरून ओता.

सायली_आ (८:२०)
पुढच्या रविवारी ओहोटीला मला बरोबर नेणार आहेत. तेव्हा असंच करते.