कथेवर अभिप्राय लिहायचाय, नेमकं काय लिहू?

रामबागवाली
इंदूरच्या आमच्या लेखन-कट्ट्यात दर महिन्याला एकाची कथा सगळ्यांकडे वाचायला येते. या वेळची साधारण २५०० शब्दांची आहे, काकू पहिल्यांदाच लिहिताहेत. राजवाड्यामागच्या वाड्यातल्या सासू-सुना. संवाद इथल्या बोलीत: "काय करून राहिली आहेस?", "मला माहीत पडलं." हे सुधारून द्यायचं का? आणि "छान, लिहीत राहा"च्या पलीकडे काय लिहितात?

तिसरा_खर्डा
आधी विचारा, हा कितवा खर्डा आणि त्यांना काय हवंय. पहिल्या खर्ड्यावर ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नका. जो परिच्छेद उद्या उडणार, त्यातली वेलांटी दुरुस्त करून काय मिळणार?

पहिलं वाचन एका बैठकीत, पेन बाजूला ठेवून. दुसऱ्या वेळी परिच्छेदांना आकडे घाला आणि समासात वाचताना तुमचं काय झालं तेवढंच टिपा: इथे मागे जावं लागलं, इथे कोण बोलतंय कळेना. त्यातले तीनच मुद्दे निवडा, मोठा आधी. "मधला भाग रेंगाळतो" यातून काही हाती लागत नाही. "परिच्छेद ७ ते ९मध्ये सून तीनदा चहा टाकते, पण दोघींमधलं काही हलत नाही" असं लिहिलंत की कात्री कुठे लावायची ते त्यांचं त्या बघतील. वाक्यं नव्याने लिहून देऊ नका. आणि शेवट कळला नाही, तर दुरुस्ती बहुतेकदा शेवटात नसतेच. आधी कुठेतरी सांगायचं राहिलेलं असतं.

वाडा_चिरेबंद_नाही
बोलीला हात लावू नका! "करून राहिली" ही इथली (नागपूरकडचीही) सरळ रचना आहे. ती बदललीत की सासू थेट सदाशिव पेठेत जाऊन बसते. तपासायचं ते निवेदन. ते प्रमाण मराठीत असेल आणि मध्येच "तिला माहीत पडलं" आलं, तर खूण करून "मुद्दाम का?" एवढंच विचारा.

दुसरं, नजर. कथा सासूच्या नजरेतून असेल तर "सुनेला मनातून राग आला" हे तिला कळणार कसं? "सुनेने कप बशीत आपटला" हे दिसतं. नवख्या कथांत ही गफलत फार, कारण लिहिणारीला दोघींच्या मनातलं ठाऊकच असतं.

अलामत
कौतुक-चुका-कौतुक असं सारण भरू नका. पण जमलेली जागा जरूर दाखवा, नाहीतर पुढच्या खर्ड्यात नेमकी तीच कापली जाते.

गूगल डॉक्स असेल तर 'सजेशन' मोडमध्येच लिहा. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात रफार, जोडाक्षरं बिघडतात. ती काकूंची चूक धरू नका.

(पुढे कुणी गझल दिली तर आधी मतला (पहिला शेर) बघा. 'घर'-'स्वर'ने अलामत (यमकातल्या 'र'च्या आधीचा स्वर) अ ठरली की पुढे 'वार' चालत नाही.)

रामबागवाली
आभार! हे बैठकीत सगळ्यांसमोर बोलायचं की लिहून द्यायचं?

तिसरा_खर्डा
लिहून, बैठकीच्या दोन दिवस आधी. बैठकीत काकूंनी सगळ्यांचं होईपर्यंत ऐकायचं, मग प्रश्न विचारायचे. मध्येच खुलासा केला की पुढचा वाचक त्यालाच मान डोलावतो आणि कागदावर काय पोचलं ते कळतच नाही.