साथीच्या गोष्टींनी आपली काय तयारी करून घेतली? काहीच नाही!

पानगळ:
साथीवरच्या कादंबऱ्या, सिनेमे मी आवडीने वाचत-बघत आलो. २०२० नंतर त्यांच्यावरचा विश्वास उडाला. गोष्टीत रोग झपाट्याने पसरतो, रस्ते ओस पडतात, दंगली होतात, मग कुणी शास्त्रज्ञ लस काढतो. आपल्या वाट्याला काय आलं? ऑक्सिमीटरमध्ये बोट घालून बसणं. ९५, ९४, पुन्हा ९५. बोट गार असेल म्हणून चोळायचं, दुसरं लावून बघायचं, तोवर दारापलीकडून कुणीतरी विचारणारच, "किती आलं?" लेखकांना प्रलय हवा असतो, ताटकळणं नको.

तिरकस_रेघ:
साफ असहमत. फ्रेंच लेखक काम्यूची १९४७ची कादंबरी 'द प्लेग' पुन्हा काढा. ओरान शहर बंद होतं, संसर्गाच्या भीतीने पत्रंही बंद होतात आणि एकमेकांवर जीव असलेली माणसं तारेतल्या चार शब्दांवर येतात. थिएटरात तेच ते सिनेमे लागतात, तरी गर्दी हटत नाही. ताटकळणं याहून वेगळं काय असतं?
आणि २०११चा 'कंटेजन' सिनेमा? त्यात एक ब्लॉगवाला फोर्सिथिया नावाचं औषध रामबाण म्हणून खपवतो, लोक दुकानांवर तुटून पडतात. लस आल्यावर क्रम लागतो तो जन्मतारखांच्या सोडतीने. नऊ वर्षं आधी दाखवलंय हे!

पानगळ:
अफवांचं ठीक. पण त्या सिनेमातला विषाणू इतका मारक आहे की धोका आहे की नाही, यावर कुणी वाद घालत बसत नाही. आपलं खरं दुखणं तिथेच होतं. बहुतेक लोक बरे होत होते, म्हणून ज्याने त्याने आपापल्या सोयीने धोका ठरवला. एक भाऊ पिशव्या सॅनिटायझरने पुसतोय, दुसरा लग्नाला निघालाय आणि दोघांकडेही उदाहरणं तयार! असा रोग घेऊन गेलात तर निर्माता म्हणेल, जरा जालीम करा.

रात्रपाळी:
मी कोविड वॉर्डात होते. किटमध्ये चेहरा दिसायचा नाही, म्हणून आम्ही एकमेकींच्या पाठीवर मार्करने नावं लिहायचो. पेशंटला माझं नाव कळायचं ते मी पाठ फिरवल्यावर. यावर लगेच गोष्टी लिहायची एवढी कसली घाई? १९१८च्या फ्लूत किमान ५ कोटी माणसं गेली असा अंदाज आहे. अमेरिकन लेखिका कॅथरीन ॲन पोर्टर त्यातून मरता मरता वाचली आणि तिचं 'पेल हॉर्स, पेल रायडर' हे पुस्तक आलं १९३९ साली.

तिरकस_रेघ:
मग 'रॉबिन्सन क्रूसो'वाल्या डिफोचं काय करायचं, ताई? १६६५च्या लंडनच्या प्लेगात तो जेमतेम पाच वर्षांचा पोर, त्यावरचं त्याचं पुस्तक 'अ जर्नल ऑफ द प्लेग इयर' १७२२चं. तरी त्यात घरचे लोक प्लेगचा मृत्यू दुसऱ्याच रोगाच्या नावावर घालतात, कारण कळलं तर घराला टाळं लागणार. भोगलं त्यानेच लिहायचं म्हटलं तर हे पुस्तक बादच.

रात्रपाळी:
भोगलं त्यानेच लिहावं असं मी कुठे म्हटलं? घाई नको, एवढंच. आणि तो पोरगा तरी सत्तावन्न वर्षं थांबलाच की! मृत्यू लपवण्यावर कुणी आज लिहिलं तर मीही वाचेन. पण सिनेमात मॉनिटरचा अलार्म पार्श्वसंगीत म्हणून वाजायला लागला की मी उठून जाते.